बर्लिनची भिंत जीभ घसरल्याने पडली नाही

दर नोव्हेंबरात एक मजकूर हमखास फिरतो : बर्लिनची भिंत कोणत्याही चळवळीने पाडली नाही; ९ नोव्हेंबर १९८९ रोजी पूर्व जर्मनीचे नेते गुंटर शाबोव्स्की यांची पत्रकार परिषदेत जीभ घसरली, लोक सीमेवर धावले आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी रणगाडे न हलवल्यामुळे सारे सुरळीत पार पडले.

चूक झाली, हे खरेच. नवे प्रवासनियम दुसऱ्या दिवसापासून आणि रीतसर अर्ज करणाऱ्यांसाठी लागू व्हायचे होते. शाबोव्स्की कागद चाळत ‘लगेच, विनाविलंब’ असे म्हणून गेले. पण असा कागद मुळात तयार का करावा लागला, याबद्दल मजकूर गप्प आहे. हंगेरीने सप्टेंबरात ऑस्ट्रियाकडची सीमा खुली केल्यापासून हजारो लोक देश सोडून जात होते, मागे राहिलेले मोर्चे काढत होते आणि १८ ऑक्टोबरला खुद्द पूर्व जर्मनीचे सर्वोच्च नेते होनेकर पायउतार झाले होते.

‘लोक सीमेवर धावले’ हेही अर्धेच सांगणे झाले. बोर्नहोल्मर रस्त्यावरच्या नाक्यावर निःशस्त्र जमाव तासन्‌तास रेटून उभा राहिला, तेव्हा कुठे हाराल्ड येगर या अधिकाऱ्याने वरून आदेश नसताना फाटक उघडले.

राहिला गोर्बाचेव्ह यांचा मुद्दा. सोव्हिएत सैन्य बराकीतच राहिले, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र त्याआधी महिनाभर, ९ ऑक्टोबरला, पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहरात मोर्चाच्या बंदोबस्ताला उभे होते ते त्या देशाचेच हजारो सशस्त्र लोक. तीनच दिवसांपूर्वी तिथल्या वृत्तपत्रात, गरज पडल्यास हाती शस्त्र घेऊ, अशी कामगारांच्या एका सशस्त्र दलाच्या प्रमुखाची धमकी छापून आली होती आणि बीजिंगमधला निदर्शकांवरचा जूनचा गोळीबार कोणी विसरले नव्हते. तरीही निकोलाय चर्चमधल्या सोमवारच्या प्रार्थनेनंतर सुमारे ७०,००० माणसे ‘आम्हीच जनता आहोत’ अशा घोषणा देत शहराभोवतीच्या रिंगरोडवरून चालली. संगीतसंचालक कुर्ट माझूर यांच्यासह सहा जणांचे शांततेचे आवाहन ध्वनिक्षेपकांवरून ऐकवले गेले. मोर्चेकऱ्यांच्या हातातल्या मेणबत्त्यांबद्दल निकोलाय चर्चचे धर्मगुरू क्रिस्टियान फ्युरर नंतर सांगत, की मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात ज्योतीआड धरावा लागतो. दगड उचलायला हात मोकळा राहत नाही. गोळी सुटली नाही. दोन तरुणांनी दुसऱ्या एका चर्चच्या मनोऱ्यावरून चोरून केलेले चित्रण दुसऱ्याच दिवशी पश्चिमेच्या दूरचित्रवाणीवर झळकले आणि ते पूर्वेतही घरोघरी पाहिले गेले.

लाइपझिगकर प्रकाशोत्सव साजरा करतात, मेणबत्त्यांनी ‘८९’ हा आकडा मांडतात, तो ९ ऑक्टोबरला. शाबोव्स्कींची ती पत्रकार परिषद त्यानंतर एका महिन्याने झाली.