‘आईच्या दुधात आता कस राहिला नाही’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या आठवड्यात एकच निरोप मला तीन ठिकाणांहून आला. आधी भिशीच्या गटातून, मग माहेरच्या गटातून आणि शेवटी शेजारच्या सुनेकडून, रात्री दीड वाजता. खाली तिने एवढंच लिहिलं होतं: ‘मावशी, खरं आहे का हे?’ तिची लेक अडीच महिन्यांची आहे.

निरोपाचा सूर असा की आजकालच्या मुलींचं खाणंपिणं बिघडलं, म्हणून त्यांच्या दुधात पूर्वीसारखा कस नाही. तेव्हा नागपूरच्या उन्हात लेकराला पाणी पाजा, तिसऱ्या महिन्यापासून वरचं दूध लावा, चौथ्यापासून संत्र्याचा रस द्या आणि सहाव्यापासून दाळीचं पाणी. अंडं, तेल-तूप वर्षानंतर. शेवटी एका पावडरीच्या डब्याचा फोटो आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा’.

मी अंगणवाडीत सव्वीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा मुख्यसेविका म्हणून, पारडी-कळमन्याकडच्या वस्त्यांमध्ये. डॉक्टर नाही मी. पण लेकरांची वजनं हजारोंनी घेतली आहेत, आणि वजन कुठे अडतं, काहून अडतं हे पाहत आले आहे. त्या हिशेबानेच एकेक मुद्दा घेते.

‘पातळ दूध म्हणजे निकस दूध.’

पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक घट्ट, पिवळसर असतो आणि चमच्या-चमच्यानेच येतो. नवजात बाळाच्या पोटात तेवढंच मावतं. त्यानंतरचं दूध पातळ, निळसर दिसतं. म्हशीच्या दुधाची सवय असलेल्या डोळ्यांना ते पाणीच वाटतं. पण वासराचं दूध वासरासाठी असतं, त्याला काही महिन्यांत चालत, धावत मोठं व्हायचं असतं. गाईच्या दुधात प्रथिनं आईच्या दुधाच्या तिप्पट असतात, आणि लहान बाळाच्या मूत्रपिंडाला नेमका तोच भार पेलत नाही. बारीक चणीच्या बाईचं दूधही लेकराला पुरेल असंच असतं. शरीर आधी दुधाची सोय करतं, मग बाईची.

निरोपात खरं असं एक टोक आहे, तेही सांगते. आईच्या अंगात बी-१२ किंवा आयोडीन कमी असेल तर दुधातही ते कमी उतरतं. ड जीवनसत्त्व तर धडधाकट आईच्या दुधातही थोडंच असतं, म्हणून बालरोगतज्ज्ञ बाळाला रोज ४०० युनिटचे थेंब देतात. आता यावर इलाज काय? आईचं ताट सुधारणं, लागेल तिथे तिला गोळी देणं. डबा आणणं नव्हे. वर्षानुवर्षं अंडं-दूध काहीच न खाणाऱ्या सुनेच्या बी-१२ची चौकशी घरात कोणी करत नाही, मात्र तिच्या दुधाच्या रंगावर सगळ्यांचं मत असतं.

‘नागपूरच्या उन्हात पाणी दिलं नाही तर लेकरू सुकतं.’

हा मुद्दा सगळ्यात जुना आणि सगळ्यात मायेचा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरचा वाळा दुपारी दोनदा भिजवावा लागतो, तेव्हा आजी म्हणणारच: ‘आपल्याले इतकी तहान लागते, त लेकराले नाही लागत का वो?’ लागते ना. आईच्या दुधात शंभरात ८७-८८ भाग पाणीच असतं. तहान लागलेलं लेकरू घटकाभर अंगावर येतं, दोन मिनिटं ओढतं आणि सोडून देतं. ‘नुसतंच चाळा करून राहिलं’ असं आपण म्हणतो, पण ते पाणी पीत असतं.

१९९१ साली दिल्लीच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये नेमकं हेच तपासून मांडलं होतं. भर उन्हाळ्यात नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळांची आणि वरून पाणी मिळणाऱ्या बाळांची लघवी त्यांनी तपासली. पाणी न मिळणाऱ्या बाळांचंही काही अडलं नव्हतं. पाणी मिळालेली बाळं मात्र तेवढं दूध कमी प्यायली.

हे शेवटचं वाक्य फॉरवर्डमधल्या प्रत्येक मुद्द्याला लागू पडतं. लेकराचं पोट त्याच्या मुठीएवढं. तिथे काहीतरी घालायचं म्हणजे दुसरं काहीतरी बाहेर ठेवायचं. दोन चमचे पाण्यामागे दोन चमचे दूध जातं, आणि बाटलीबरोबर जंतू येतात ते वेगळेच. फार पाणी पाजलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. उन्हाळ्यात पाणी आईने प्यावं, पाजायला बसताना तांब्या शेजारी घेऊन. लेकरू दिवसाला सहा वेळा तरी शू करतंय ना, लघवी फिकी आहे ना, एवढं बघावं. लघवी कमी झाली, तोंड कोरडं पडलं, लेकरू मलूल झालं तर माठाकडे नाही, दवाखान्याकडे जायचं. उकळून गार केलेलं पाणी सहा महिन्यांनंतर, वाटी-चमच्याने.

‘संध्याकाळी रडतं म्हणजे दूध पुरत नाही. रात्री एक बाटली द्या, डब्याची बाळं कशी गुबगुबीत असतात.’

दिवेलागणीला बहुतेक लेकरं किरकिरतात. कोणी दृष्ट काढतं, कोणी बाटली काढतं. मिठा-मोहऱ्यांनी निदान दूध तरी आटत नाही.

दुधाचं विहिरीसारखं आहे, उपसा तेवढं झरतं. रात्री एक बाटली दिली की त्या वेळचा उपसा थांबतो, दुसऱ्या दिवशी तेवढं कमी उतरतं, मग दुसरी बाटली लागते. पंधरा दिवसांत बाई शपथेवर सांगते, ‘माझं दूधच आटलं वो बाई.’ आटलेलं असतंच, पण बाटलीनंतर.

एक घर मला विसरता येत नाही. मुलगी साडेतीन महिन्यांची, जन्माचं वजन २ किलो ८००, आणि माझ्या काट्यावर ४ किलो ४००. वाढीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात, म्हणजे कमी वजनात, उतरलेली. दवाखान्यातून घरी येतानाच कोणीतरी हातात डबा दिला होता, आणि आता सगळं त्याच्यावरच. आई नीटनेटकी. डब्याच्या झाकणावर पेनाने उघडल्याच्या तारखा: ३, १५, २७. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा बारा दिवस. मी तिथेच ओट्याशी बसून हिशेब केला. या वजनाच्या लेकराला दिवसाला साडेसहाशे मिलीच्या आसपास दूध लागतं, त्याला ९० ग्रॅमच्या आतबाहेर पावडर. डबा साडेचार दिवसांत संपायला हवा होता. तिने बाटली करून दाखवली: १२० मिली पाणी आणि दीड चमचा. डब्यावर लिहिलं होतं ३० मिलीला एक सपाट चमचा, म्हणजे चार हवे होते. ‘महिन्याले सहा-सात डबे कुठून आणू बाई?’ ती म्हणाली. नवऱ्याची मजुरी आणि डब्याची किंमत दोन्ही मला ठाऊक होत्या, मी काय बोलणार. लेकरू दिवसभर पोटभर पीत होतं, आणि उपाशी होतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पावडर मापात, उकळलेल्या पाण्यात, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने, उरलेलं टाकून द्यायचं. आणि दर खेपेला आधी अंगावर लावायचं, दूध असो नसो. तीनेक आठवड्यांत तिचं बरंचसं दूध परतलं. सगळ्यांचं परततं असं नाही.

आता गुबगुबीतपणाचं. डब्यावरची बाळं पहिल्या काही महिन्यांनंतर थोडी भराभर वजन घेतात, हे खरं. पूर्वी जगभर वापरलेले तक्ते मुख्यतः बाटलीवर वाढलेल्या अमेरिकी बाळांचे होते, त्यामुळे अंगावरची निरोगी बाळं चार-पाच महिन्यांनी ‘मागे पडली’ असं दिसायचं आणि बाटली सुरू व्हायची. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये नवे तक्ते आणले. सहा देशांतल्या अंगावर वाढलेल्या बाळांवरून ते बनवले, त्यात दिल्लीचीही बाळं आहेत. आपल्या अंगणवाडीत तेच लागलेले असतात. गाल बघून नव्हे, तक्त्यावरची वजनाची रेघ बघून बोला.

डबा कोणाला लागतच नाही, असं मी म्हणणार नाही. आई दगावते, काही आजारांवरची औषधं चालू असतात, क्वचित खरंच दूध येत नाही. धुण्याभांड्याला चार घरं करणाऱ्या बाईला २६ आठवड्यांची रजा कोण देतं? कायद्यात ती २०१७ पासून आहे, पण हजेरीपटावर नाव असणाऱ्या बाईला. अशा आईला डब्यावरून टोमणे मारणाऱ्या आत्याबाईंशी मी फॉरवर्डवाल्यांपेक्षा जास्त भांडले आहे. तिला माप शिकवावं, दूध पिळून वाटीत ठेवायला शिकवावं.

आणि तो फोटो. लहान बाळाच्या पावडरीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. टीव्हीवर ती कधी दिसली का तुम्हाला? नाही ना. मग जाहिरात कुठे गेली, तर मावशी-काकूंच्या फोनमध्ये, कळकळीच्या भाषेत. कोणी बनवली मला ठाऊक नाही. पण फोटो उगीच येत नाही.

‘डबा परवडत नसेल तर गाईचं दूध, अर्धं दूध अर्धं पाणी.’

वर्षाच्या आत मुख्य पेय म्हणून नाही. त्यात लोह नाहीच म्हणा, आणि काही लहान बाळांच्या आतड्यातून त्यामुळे न दिसणारं रक्त झिरपतं. महाराष्ट्रात ६ महिने ते ५ वर्षांच्या शंभर मुलांतली जवळपास ६९ रक्तक्षयी आहेत, २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत. त्यात आणखी भर कशाला?

‘चौथ्या महिन्यापासून संत्र्याचा रस, आपल्या नागपूरचं लेणं.’

लेणं खरंच. आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरतात तेव्हा सगळ्या रस्त्याला वास येतो, मला कोणी त्याविरुद्ध बोलायला लावू नये. पण रस म्हणजे चोथा काढलेलं गोड पाणी, चौथ्या महिन्यात तर त्याला जागाच नाही. सहा महिन्यांनंतर फोड सोला, बिया आणि पांढरं पापुद्रं काढा, गर कुस्करून द्या. वरणभातानंतर दिला तर दाळीतलं लोहही अंगी जास्त लागतं.

‘सहाव्या महिन्यापासून दाळीचं पाणी, पचायला हलकं.’

हलकं आहेच. त्यात काही नाही म्हणून हलकं आहे. उष्टावणाला मामा चांदीच्या वाटीतून खीर चाटवतो, फोटो निघतात, आणि दुसऱ्या दिवसापासून लेकराच्या नशिबी वरणाच्या गंजातलं वरचं पिवळं पाणी. दाळ खाली बसते, ती घरातले खातात.

मी सभेत एक करून दाखवायची. एका चमच्यात वरचं पाणी, दुसऱ्यात त्याच गंजातली खालची घोटलेली दाळ-भात, वर अर्धा चमचा तूप. दोन्ही चमचे तिरपे करायचे. पाणी लगेच ओघळून खाली. दुसरा घास चमच्याला धरून राहतो. जो घास राहतो तो लेकराचा. पहिल्यांदा केलं तेव्हा मागून एक आजी म्हणाली, ‘मंग त आपण इतके दिवस पोट्ट्याले भांडं धुतलेलं पाणी पाजलं म्हणा की.’ सगळ्या हसल्या, ती नाही हसली.

सहा महिन्यांपर्यंत जन्माच्या वेळी साठवलेलं लोह संपत येतं आणि आईच्या दुधात ते थोडंच असतं. म्हणून तर अन्न सुरू करायचं. सहा ते आठ महिन्यांत दिवसाला साधारण २०० कॅलरी अन्नातून हव्यात, वर्षानंतर साडेपाचशेच्या आसपास, आणि आईचं दूध दोन वर्षं व पुढेही चालू. दाळीच्या पाण्याने तो आकडा गाठायचा तर बादली लागेल. तेल-तूप इथेच कामाचं, थोड्या जागेत जास्त भरतं. अंडं सहा महिन्यांनंतर चालतं, नीट उकडलेलं, कुस्करलेलं, पिवळ्यासकट. घरात खात असतील तर मटण-मासळीही, बारीक करून. वर्षभर थांबायचं कारण नाही. देशात ६ ते २३ महिन्यांच्या शंभर मुलांतल्या फक्त अकरांना पुरेसा आहार मिळतो, त्याच पाहणीत. नुसत्या अंगावरच्या दुधाचं आपण बरं करतो, सहा महिन्यांच्या आतली सुमारे ७१ टक्के बाळं राज्यात तशी वाढतात. घसरतो ते नेमकं या वाटीपाशी.

बिस्कीट चहात बुडवून देण्याबद्दल फॉरवर्ड गप्प आहे. मी बोलते: नको.

शेजारच्या सुनेला हे सगळं लिहिलं नाही, सकाळी जाऊन लेकीचं वजन केलं. पाच किलो शंभर, रेघ सरळ वर. तिने कपाटाकडे बोट दाखवलं. सासूबाईंनी निरोप वाचून दोन डबे आणूनही ठेवले होते. ‘यांचं काय करू मावशी?’

सील फुटलं नव्हतं, पावती होती. म्हटलं परत देऊन ये, आणि येताना स्वतःसाठी डझनभर अंडी आण.