‘ईव्हीला भोंगा’ म्हणे!

नाशिकच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘सरकार आता इलेक्ट्रिक गाड्यांना भोंगा लावणार! शांत गाडी घेतली कशाला मग? परदेशात असला मूर्खपणा नाही. हॉर्न आहे की! लोकांनी मोबाइल खिशात ठेवून समोर बघावं.’

भोंगा वगैरे काही नाही. गाडी हलल्यापासून ताशी 20 किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्स घेताना, पायी चालणाऱ्यांना चाहूल लागावी म्हणून छोट्या स्पीकरमधून घरघर येते, एवढंच. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. संयुक्त राष्ट्रांच्या 138 क्रमांकाच्या नियमानुसार 20 च्या वेगाला हा आवाज किमान 56 डेसिबल लागतो, म्हणजे साधारण दोघांच्या गप्पांइतका. वरची मर्यादा 75.

परदेशाचं म्हणाल तर युरोपात जुलै 2019 पासून नव्या मॉडेलना आणि जुलै 2021 पासून सगळ्या नव्या ईव्ही-हायब्रिडना तो सक्तीचा आहे. अमेरिकेच्या संसदेने त्यासाठी 2010 मध्येच कायदा केला.

हॉर्नचा मुद्दा वरवर पटतो खरा. पण हॉर्न वाजवायला आधी ड्रायव्हरला माणूस दिसावा लागतो. रविवार कारंजाजवळ हातगाडीवर वाकून मेथीची जुडी निवडणाऱ्या मावशी, आणि मागे पार्किंगमधून उलटी निघणारी गाडी. ड्रायव्हर आरशात बघतोय भलतीकडे, मावशींची पाठ गाडीकडे. हॉर्न वाजवणार कोण? शिवाय सीबीएस बसस्थानकाशी एकाच वेळी इतके हॉर्न कोकलतात की त्यातला आपल्यासाठी कुठला, हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही. घरघरीचं तसं नाही. वेगाबरोबर तिची पट्टी चढते-उतरते, म्हणजे गाडी वेग घेतेय की थांबतेय तेही कानाला कळतं.

‘समोर बघा’ हे पांढरी काठी घेतलेल्या माणसाला सांगून बघा. तो रस्ता ओलांडतो तो इंजिनाच्या आवाजाच्या अंदाजाने. आणि मागून येणारी गाडी समोर बघून कुणालाच दिसत नाही.

या आवाजाच्या सक्तीसाठी केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये काढलेल्या नियमांच्या मसुद्यावर बोलायला जागा आहे, पण ती वेगळीच. त्यात ऑक्टोबर 2026 पासून नव्या मॉडेलना आणि वर्षभराने सगळ्याच नव्या गाड्यांना सक्ती सुचवलीय, पण फक्त कार, बस, ट्रक अशा गाड्यांना. ई-स्कूटर आणि ई-रिक्षा त्यात नाहीत. सराफ बाजाराच्या बोळात कार शिरते कितीशी? पाठीशी गुपचूप येऊन उभी राहते ती स्कूटरच.