काका, बॅटरी धरा

मागच्या रविवारी मी आमच्या संडासात पालथ्या बादलीवर उभा राहून, खिडकीबाहेर डक्टमध्ये लोंबकळणाऱ्या बावीस-तेवीस वर्षांच्या एका पोराला बॅटरी दाखवत होतो. त्याच्या चारच दिवस आधी मी कॉम्प्युटर नेटवर्किंगची परीक्षा पास झालो होतो. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो मला अजून पचलेला नाही.

परीक्षेचं आधी उरकून घेतो. सीसीएनए, म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा. नेटवर्किंगवाल्यांची मुंजच म्हणा, फक्त बटूचं वय ४३. वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर, वर कर वेगळा. थोडक्यात पंचवीस हजारांवर पाणी. मी एका ऑफिसात ॲडमिनला आहे. "तुम्ही सर्टिफिकेशन करा, मग नेटवर्क टीममध्ये बघू," असं साहेब म्हणाले होते. मराठीत 'बघू' म्हणजे काय, हे या वयापर्यंत मला कळायला हवं होतं. कळलं नाही. आठ महिने अभ्यास केला.

पहिली धोंड म्हणजे ओएसआय मॉडेल, म्हणजे नेटवर्कचं काम कागदावर वाटून दाखवणारे सात थर. हे मॉडेल १९८४ साली प्रसिद्ध झालं. खरं इंटरनेट चालतं टीसीपी-आयपी नावाच्या दुसऱ्याच नियमांवर, पण परीक्षेत थर सातच सांगायचे असतात. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. इंग्रजीत हे लक्षात ठेवायला पिझ्झा-सॉसेजचं एक वाक्य आहे, ते माझ्या डोक्यात एक मिनिट टिकत नव्हतं. शेवटी मी सात मजल्यांची सोसायटी बांधली. पहिल्या मजल्यावर फडतरे, मग देसाई, नाईक, टेंबे, साळुंखे, पवार आणि सातव्यावर आगाशे. बोर्ड लावला की झालं. यातले साळुंखे आणि पवार परदेशी असतात, फ्लॅट कायम बंद; पाचव्या-सहाव्या थरावर खऱ्या नेटवर्कातही कुणी वेगळं राहताना दिसत नाही. पहिल्या मजल्यावरचे फडतरे म्हणजे वायर, प्लग, दिवे. काही बिघडलं की सगळ्यात आधी फडतऱ्यांची बेल वाजवायची, असं प्रत्येक शिकवणारा सांगतो. मी ते वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी अब्रू याच वाक्यावर जाणार आहे.

पोर्ट नंबर मी डोंबिवली लोकलमध्ये पाठ केले. डोळे मिटून पुटपुटायचो, "बावीस ओपन, तेवीस क्लोज." पोर्ट म्हणजे मशीनमध्ये शिरायचं दार. २२ म्हणजे एसएसएच, लांबून मशीन चालवायची सुरक्षित वाट, ते चालू ठेवायचं, २३ म्हणजे टेलनेट, त्याच कामाची जुनी वाट, त्यात पासवर्डसकट सगळं उघडं जातं म्हणून ते बंद करायचं. चौथ्या दिवशी शेजारचे गृहस्थ कानाशी येऊन म्हणाले, "काल तुमचा तेवीस लागला नाही हो." ते बिचारे तीन दिवस माझ्या भरवशावर मटका लावत होते. तेव्हापासून मी मनातल्या मनात म्हणू लागलो.

सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे तुकडे पाडून पत्ते वाटणं, मात्र मला जमलं, आणि ते पंगतीमुळे. /२६ चं नेटवर्क म्हणजे ६४ पत्ते. त्यातला पहिला नेटवर्कच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा; ते दोन कुणाला द्यायचे नाहीत. म्हणजे ६४ पानं मांडली, पहिलं देवाचं, शेवटचं गायीचं, जेवायला माणसं ६२. हे मी आईला समजावलं तर तिला पटकन कळलं. तिने विचारलं, "आणि आयत्या वेळी त्रेसष्टावा आला तर?" त्याला उत्तर आहे, पुढची मोठी पंगत /२५ ची, पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

सरावासाठी पॅकेट ट्रेसर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं, त्यात खोटे राउटर खोट्या वायरींनी जोडता येतात. शहाणा माणूस तेवढ्यावर भागवतो. मी लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचा एक जुना खरा स्विच आणला. चालू केला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटायचं. पंधरा दिवसांनी बायकोने तो माळ्यावर टाकला. "तुमचं ते पास व्हा, मग उतरवू," म्हणाली.

परीक्षा ठाण्याच्या एका केंद्रावर. आत सोडण्यापूर्वी खिसे उलटे करून दाखवा, बाह्या वर करा, चष्मा काढून द्या. तिथल्या बाईंनी माझा चष्मा उजेडाकडे धरून भिंगात कॅमेरा शोधला. सापडला फक्त नंबर. मग नावाचा घोळ. आधारवर तीन नावं, अर्जावर दोन.

"हे मधलं नाव कोणाचं?"

"वडिलांचं."

"मग ते अर्जात का नाही?"

परीक्षा ते देत नाहीयेत म्हणून, असं ओठांवर आलं होतं, पण फी भरलेली होती. महाराष्ट्रातली निम्मी माणसं वडिलांना मध्ये घेऊन फिरतात, आणि महाराष्ट्रातच असलेल्या केंद्रावर त्याचा खुलासा वीस मिनिटं करावा लागतो, हे मला आजही चीड आणतं. मनगटावरचा गणपतीचा दोरा मात्र बाईंनी राहू दिला. एवढं क्रेडिट त्यांना.

या परीक्षेत पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही. स्मशानातून परतताना वळून बघायचं नसतं तसं. प्रत्येक 'नेक्स्ट'ला मी कुणालातरी पोचवून पुढे निघालो. पास झालो. आईने शेजारी पेढे वाटले. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, मग पुन्हा काहीतरी परीक्षा. पीयूसी बरी, ती निदान गाडीची असते.

आणि चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी, घरचं नेट गेलं.

मी खूश झालो, हे कबूल करतो. गावात डॉक्टर नवा आला की त्यालाही कुणीतरी आजारी पडावंसं वाटत असणार. मी सगळ्यांना बाजूला सारलं, लॅपटॉप उघडला. आयपीकॉन्फिग, पिंग, ट्रेसर्ट, तपासणीच्या सगळ्या कमांड मारल्या. १९२.१६८.१.१ ला, म्हणजे घरच्याच राउटरला, ज्याला गेटवे म्हणतात, पिंग केलं, धाडधाड उत्तरं आली. ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर गूगलच्या सर्व्हरला केलं, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. वहीत आकृती काढली. तीन तासांनी मी हॉलमध्ये येऊन जाहीर केलं, "आपल्या बाजूने नेटवर्क निर्दोष आहे."

"मग चालू का नाही?" बायकोने विचारलं.

"दोष गेटवेच्या पलीकडे आहे."

आईची मालिका सकाळपासून गोल-गोल फिरत होती. ती म्हणाली, "गेटच्या पलीकडे म्हणजे वॉचमनला विचारू का?" तोवर मुलीने माझ्या पाठीमागे फोन लावलासुद्धा होता. तिच्या मोबाइलमध्ये तो 'पप्पू नेट' या नावाने आहे.

पप्पू नेट वीस मिनिटांत आला. पाठीला सॅक, गळ्यात पिवळ्या वायरीचं वेटोळं, खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला फोन. "हो सर, खालीच आहे, पाच मिनिटांत पोचतो," हे तो आमच्या सोफ्याजवळ उभा राहून तिसऱ्याच कुणालातरी सांगत होता. मी त्याला वही दाखवली. लेयर थ्रीपर्यंत सगळं तपासून झालंय, म्हटलं. त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि भिंतीवरच्या डब्याकडे गेला. आईने त्या डब्याला क्रोशाचं कव्हर विणलंय, मोरपंखी, खाली गोंडे. पप्पूने कव्हर दोन बोटांनी उचललं. आत एक दिवा लालभडक लुकलुकत होता.

"लॉस आहे काका."

"म्हणजे?"

"लाल आहे ना. सिग्नलच येत नाही. वायर तुटली कुठेतरी."

लॉस म्हणजे लॉस ऑफ सिग्नल. पहिला मजला. फडतरे! तीन तास मी नाईकांच्या दारात उभा होतो आणि खाली फडतरे लाल दिवा लावून बसले होते. बायको काही बोलली नाही. कव्हराची घडी घालत राहिली. ती घडी मला फार लागली.

मी सावरायचा प्रयत्न केला. "ही फायबर सिंगल मोड आहे की मल्टिमोड?"

"पिवळी आहे."

"आणि कनेक्टर कुठला?"

"हिरवा."

दुःख असं की दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. सिंगल मोडची कॉर्ड पिवळीच असते, आणि तिरकस घासलेल्या टोकाचा कनेक्टर हिरवाच. आठ महिने मी ज्याची नावं पाठ केली, ते त्याने रंगांवर भागवलं होतं.

वायर डब्यातून निघून संडासाच्या खिडकीतून डक्टमध्ये जाते. पप्पूने वायरीच्या टोकाला पेनासारखा लेझर लावला, फायबर जिथे तुटते तिथे तो लाल प्रकाश बाहेर गळतो. मग खिडकीची काच उतरवली, चप्पल आत काढली आणि पाइपवर पाय देऊन बाहेर गेला. चौथा मजला. पट्टा नाही, दोर नाही. मी म्हटलं, "अरे, पडशील!" तो म्हणाला, "काका, बॅटरी धरा."

म्हणून मी बादलीवर.

"सापडलं. कबुतर."

डक्टमधल्या कबुतराने आमच्या वायरीला आपल्या घरट्यात काड्यांसकट गुंफून घेतलं होतं. वायर चिमटीत धरल्यासारखी दुमडून मोडली होती. आता माझ्या डोक्यात या विषयावरची जी एकमेव माहिती होती ती बाहेर आलीच. मी बादलीवरून सांगू लागलो, "पप्पू, गंमत माहितीये का? इंटरनेटच्या नियमांची जी कागदपत्रं असतात ना, त्यात १ एप्रिल १९९० ला एक निघालं, आरएफसी ११४९. कबुतराच्या पायाला बांधून डेटा कसा पाठवायचा. एप्रिल फूल. पण २००१ साली नॉर्वेत, बर्गनला, लोकांनी खरंच करून बघितलं! डेटाची नऊ पाकिटं पाठवली, फक्त चारांची उत्तरं..."

"काका, बॅटरी वर. वर. माझ्या तोंडावर नको."

मी बॅटरी वर केली. मला वाटलं आता तो घरटं खाली ढकलेल. त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. "अंडी आहेत काका, दोन." थोडा वेळ तसाच लटकून त्याने विचार केला. "दुसरीकडून फिरवतो." आणि गळ्यातलं वेटोळं सोडून त्याने नवी वायर घरट्याला वळसा घालून, खालच्या पाइपमागून आत आणली. टोक सोललं, स्पिरिटने पुसलं, कापलं, कनेक्टर बसवला, मीटर लावला. "मायनस एकोणीस. मस्त." एक वाट बंद झाली की दुसरी शोधून पाकीट पोचवायचं, याला राउटिंग म्हणतात. त्यावरची माझी एक अख्खी वही आहे. त्या वहीत अंड्यांचा उल्लेख नाही.

डब्यावरचा दिवा हिरवा झाला. आईची मालिका सुरू झाली. पप्पूला चहा दिला. मुलीने फुशारकीने सांगितलं, "बाबा नेटवर्किंगची परीक्षा पास झालेत." त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"किती लागतात काका परीक्षेला?"

मी आकडा सांगितला. त्याने बशी खाली ठेवली. "आणि पगार किती वाढला?"

पगार वाढलेला नाही. नेटवर्क टीमला दोन वर्षांचा अनुभव हवा आहे, आणि टीममध्ये घेतल्याशिवाय अनुभव मिळत नाही. फीचे पैसे ऑफिसच्या पॉलिसीत बसत नाहीत. साहेबांनी अभिनंदन केलं आणि म्हणाले, "बरं झालं, आता दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर तेवढा बघा." यातलं मी त्याला काहीच सांगितलं नाही. "वाढेल," म्हटलं. तो म्हणाला, "मग ठीक." त्याचा स्वतःचा पगार किती, आणि चौथ्या मजल्यावर अनवाणी लटकायचा त्यात वेगळा भत्ता आहे का, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्या क्षणी मी माझ्याच दुःखात होतो.

जाताना दारात म्हणाला, "काका, फीडबॅकचा मेसेज येईल. पाच द्या हां."

रात्री मेसेज आला. मी चार दिले. का दिले ते विचारू नका. तीन तास, क्रोशाचं कव्हर, बादली, 'माझ्या तोंडावर नको', सगळं मिळून एक स्टार कापला.

सकाळी साडेआठला फोन. "काका, एक कमी पडला. काही राहिलंय का? येऊन जाऊ?"

मी त-त-प-प करत होतो, तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून आवाज दिला, "ये म्हणावं. आणि माळ्यावरचं ह्यांचं ते गिरणीसारखं आवाज करणारं काय आहे, तेही बघून जा म्हणावं, बिघडलंय का."