'21 दिवस तिच्या वाटेत उभे राहा' : एका फिरत्या संदेशाला उत्तर

'मुलीचे मन जिंकण्याचे सात नियम' या मथळ्याचा एक संदेश सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. पीयूसीच्या पहिल्या वर्षात, म्हणजे अकरावीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तो मला दाखवला आणि "मावशी, हे शास्त्राने सिद्ध झालंय म्हणतात, खरं काय?" असे विचारले. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी त्यावर अंगठे उमटवले, हे एक वेळ समजू शकते; परंतु आमच्या नातेवाइकांच्या गटातही तोच संदेश "आमच्या वेळी असं कोणी सांगितलं नाही" अशा हसऱ्या शेऱ्यासह पन्नाशीच्या गृहस्थांनी पुढे धाडलेला पाहिल्यावर गप्प बसणे मला जमले नाही.

नियम थोडक्यात असे आहेत. 21 दिवस रोज तिच्या वाटेत उभे राहा, तिला तुमची सवय लागेल आणि सवयीचे प्रेम होईल. ती नाही म्हणाली तर ती तुमची परीक्षा पाहते आहे असे समजा. तिचा क्रमांक मैत्रिणीकडून मिळवा आणि तिने अडवला तर दुसऱ्या क्रमांकावरून संदेश पाठवा. मुलगी कन्नड असेल तर चार कन्नड वाक्ये पाठ करा. तिच्या संदेशाला मुद्दाम उशिरा उत्तर द्या. प्रेम खरे आहे का हे पाहण्यासाठी तिच्याकडे खासगी फोटो मागा, कारण मर्जीने दिलेल्या फोटोला कायद्याची आडकाठी नाही. आणि शेवटचा नियम म्हणजे घरात किंवा शिक्षकांना काहीही सांगू नका.

ज्या शास्त्राची साक्ष काढली जाते, ते प्रथम पाहू. 21 या आकड्याचा प्रेमाशी काडीचाही संबंध नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने 1960 साली असे निरीक्षण नोंदवले की, शस्त्रक्रियेनंतर स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला कमीत कमी 21 दिवस लागतात. त्यातले 'कमीत कमी' पुढे गळून पडले आणि जगातली कोणतीही सवय 21 दिवसांत लागते, अशी समजूत रूढ झाली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी पुढे हे प्रत्यक्ष मोजले, तेव्हा सरासरी 66 दिवस निघाले, आणि माणसागणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. शिवाय त्या स्वतःहून स्वीकारलेल्या, रोज फळ खाण्यासारख्या सवयी होत्या. दुसऱ्याने आपल्या वाटेत उभे राहून लावलेल्या नव्हत्या.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. वारंवार दिसणारी गोष्ट माणसाला बरी वाटू लागते, हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने 1968 साली दाखवले होते. पिट्सबर्ग विद्यापीठात मोरलँड आणि बीच यांनी 1992 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर या संदेशाच्या लेखकाला फारच सोयीचा वाटेल. दिसायला साधारण सारख्या असलेल्या चार तरुणींपैकी एक विद्यापीठातल्या एका वर्गात एकदाही गेली नाही, बाकीच्या अनुक्रमे 5, 10 आणि 15 तासांना जाऊन बसल्या, आणि सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना त्यांचे फोटो दाखवले असता जी अधिक वेळा आली होती तीच अधिक आवडली. परंतु त्या तरुणी वर्गात कोणाशीही बोलल्या नव्हत्या, कोणाच्या मागे गेल्या नव्हत्या आणि कोणाकडे टक लावून पाहतही नव्हत्या. याच विषयावरच्या इतर प्रयोगांत असेही आढळले आहे की, जी व्यक्ती मुळातच नकोशी वाटते ती पुनःपुन्हा दिसल्याने हवीशी होत नाही, उलट अधिकच नकोशी होते. म्हणजे शास्त्राचाच आधार घ्यायचा झाला, तर नकारानंतर वाटेत उभे राहणारा मुलगा रोज स्वतःचेच नुकसान करून घेत असतो.

भाच्याला हे समजावत असताना त्याची थोरली बहीण तिथेच भाजी निवडत बसली होती. तुझ्या वाटेत असा कोणी उभा राहिला तर काय करशील, असे मी तिला सहज विचारले. मान वर न करता ती म्हणाली, "मागच्या वर्षी होता की एक. मी आधीची गाडी धरू लागले." आधीची गाडी म्हणजे थंडीच्या दिवसांत पुरते उजाडण्यापूर्वी फाट्यावर येऊन उभे राहायचे, कंडक्टरच्या जवळची जागा धरायची आणि कॉलेजचे फाटक उघडेपर्यंत बाहेर ताटकळायचे. भाऊ त्याच घरात राहतो आणि त्याला याचा पत्ता नव्हता. तो मुलगा मात्र, ती दिसली नाही म्हणून, आपले दिवस पहिल्यापासून मोजू लागला असेल.

खानापूर तालुक्यातील खेड्यांतून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी एसटी म्हणजेच कॉलेज आहे, हे मुलांनी नीट लक्षात घ्यावे. जून 2023 पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत राज्यातल्या मुली-बायकांना साध्या सरकारी गाड्यांतून शून्य रकमेचे तिकीट मिळू लागल्याने प्रवासाच्या खर्चाची सबब संपली. परंतु फाट्यावर कोणी पोरगा रोज उभा असतो ही कुणकुण घरी लागली, तर त्या पोराला जाब विचारण्याआधी मुलीचे कॉलेज बंद होते आणि स्थळे पाहायला सुरुवात होते. आपल्याकडे हे कोणाला माहीत नाही? संदेशाचा लेखक ज्याला चिकाटी म्हणतो, तिची किंमत अशी दुसऱ्याच्या खात्यातून वळती होते.

दुसरा आणि तिसरा नियम एकत्र घेतले तर जवळजवळ कायद्यातली व्याख्याच तयार होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 नुसार, स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवल्यावरही तिच्याशी जवळीक साधण्यासाठी वारंवार तिचा पाठलाग करणे किंवा संपर्काचा प्रयत्न करणे हा गुन्हा असून, पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अडवलेल्या क्रमांकाऐवजी दुसरा क्रमांक वापरणाऱ्याने तिची अनिच्छा आपल्याला ठाऊक होती याचा पुरावा स्वतःच्या हाताने तयार केलेला असतो.

कन्नड वाक्यांबद्दल माझी तक्रार नाही. या भागात राहून मराठी मुलांनी कन्नड शिकावेच, फक्त चार वाक्यांवर थांबू नये आणि त्यासाठी मुलगी शोधू नये. उशिरा उत्तर देण्याचा नियम निव्वळ पोरकट आहे.

सर्वांत घातक नियम फोटोचा आहे. 18 वर्षांखालील व्यक्ती 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने बालक ठरते आणि तिची मर्जी कायदा जमेस धरत नाही. नातेवाइकांच्या गटात एकाने छातीठोकपणे लिहिले की, कोर्टाने आता संमतीचे वय 16 केले आहे. तसे काहीही झालेले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाने 2022 साली संमतीच्या वयाचा फेरविचार व्हावा, असे विधी आयोगाला सुचवले होते, आणि आयोगाने सप्टेंबर 2023 मधील अहवालात वय कमी करू नये असाच सल्ला दिला. शिवाय अशा अश्लील फोटोंच्या बाबतीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 ब केवळ पसरवणाऱ्याला धरत नाही, मागणारा आणि गोळा करणाराही त्यात येतो, आणि पहिल्याच वेळी शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. मुलगा स्वतः अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. पण तिथेही आई-वडिलांना घेऊन उभे राहावेच लागते.

घरात सांगू नका हा शेवटचा नियम कोणाच्या सोयीचा आहे, ते आता वेगळे सांगायला नको. ज्या मुलीची वाट अडवली जाते आहे तिने, आणि एखादा फोटो दाखवून ज्याच्याकडून पैसे उकळले जात आहेत त्या मुलानेही, घरात बोलण्याचा धीर होत नसेल तर मुलांसाठीच्या 1098 या मदत क्रमांकावर फोन करावा. तो रात्री-अपरात्रीही चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. भाच्याने हा क्रमांक त्याच्या वर्गाच्या गटात टाकला आहे. नातेवाइकांच्या गटात मी टाकला, त्यावर अजून कोणाचाही अंगठा आलेला नाही.