मुख्य सभेत भांडा, खुशाल भांडा. पण विषयपत्रिका आधी आमच्या हातात द्या

"नगरसेवक नव्हते तेव्हा कामं पटापट होत होती." महापालिका निवडणुकीच्या आधी आणि नंतरही हे वाक्य पुण्यात इतक्या जणांकडून ऐकलंय की आज जरा सविस्तर लिहितो. मला हे अजिबात मान्य नाही.

नगरसेवकांची मुदत संपल्यामुळे १५ मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेचे आयुक्तच प्रशासक होते. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा. खर्चाला मंजुरी देणारी स्थायी समिती तेच, सगळ्या नगरसेवकांची मुख्य सभाही तेच. २०२४-२५चं ११,६०१ कोटींचं अंदाजपत्रक असंच झालं, २०२५-२६चं १२,६१८ कोटींचंही तसंच. ना कुणाची उपसूचना, ना कुणाचा हरकतीचा मुद्दा. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. त्यांच्या काळात काही कामं चांगलीही झाली. पण "हे आमच्या भागात का नाही?" असं तोंडावर विचारायचा हक्क असलेला माणूसच समोर नव्हता.

याची सगळ्यात जास्त किंमत मोजली ती २०२१ साली पालिकेत आलेल्या २३ गावांनी. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या आणि त्यानंतर थेट जानेवारी २०२६ पर्यंत त्यांना नगरसेवक निवडायची संधीच मिळाली नाही. पालिकेची करआकारणी आली, टँकरच्या रांगा तशाच राहिल्या. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा सिंहगड रस्ता, नांदेड, किरकिटवाडी या पट्ट्यात माणसं अतिदक्षता विभागात पोचली आणि मग कुठे तिथल्या पाण्याची चर्चा शहरभर झाली. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असा दावा मी करणार नाही. पण पिण्याच्या पाण्यावर सभागृहात आरडाओरड करणारं कुणीतरी आधीपासून असतं, दर महिन्याला असतं, एवढं नक्की. ती आरडाओरड मला हवी आहे.

आता १६५ जणांचं सभागृह पुन्हा भरलंय. माझी काळजी गोंधळाची नाही. मला जुन्या सवयींची भीती वाटते. प्रेक्षक गॅलरीत बसून सभा पाहिलेल्यांना त्या ठाऊक आहेत. सभा बोलवायची, श्रद्धांजली वाहायची आणि तहकूब करायची. असं होत होत विषयांचा ढीग साचतो आणि मग एके दिवशी सभेचं कामकाज पाहणारे अधिकारी, म्हणजे नगरसचिव, विषय क्रमांक वाचतात, समोरून "मंजूर, मंजूर" असा आवाज येतो आणि अर्धा ढीग काही मिनिटांत संपतो. रस्त्याला कुणाचं नाव द्यायचं यावर मात्र तासभर भाषणं. त्यात ऐनवेळचे विषय! आदल्या दिवशीपर्यंत कुणालाच माहीत नसलेला प्रस्ताव सभा चालू असताना दाखल होतो आणि ज्यांनी त्यावर हात वर केला त्यांनाही तो नीट वाचायला मिळालेला नसतो.

"एका ठरावानं काय होतंय?" असं वाटत असेल तर घरातली मिळकतकराची पावती काढून बघा. १९७० साली मुख्य सभेनं ठराव केला की मालक स्वतः राहत असेल तर त्या घराच्या करपात्र रकमेत ४० टक्के सवलत द्यायची. हजारो कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या त्याचा फायदा झाला, आणि बहुतेकांना हा ठराव आहे हेही माहीत नव्हतं. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले आणि २०१८ मध्ये राज्य सरकारनं तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला. २०१९ नंतर नोंद झालेल्या घरांना सवलत मिळेना, बऱ्याच जुन्या घरांना फरकाची बिलं आली. निवृत्तिवेतनावर जगणारी माणसं ती बिलं घेऊन खेटे घालत होती. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयानं सवलत परत आली, तीसुद्धा मालक स्वतः राहतो हे सांगणारा पीटी-३चा अर्ज भरायची अट घालून. पन्नास वर्षं टिकलेला पुण्याचा निर्णय मुंबईत रद्द झाला आणि मुंबईतच परत दिला गेला, आणि परत देताना आपलं सभागृह अस्तित्वातच नव्हतं. माझ्या मते गेल्या काही वर्षांतली शहराच्या स्वायत्ततेची ही सगळ्यात मोठी हार आहे, आणि तिच्यावर आपण फारसं बोललोच नाही.

याउलट टेकड्यांचं उदाहरण घ्या. १९९७ला पालिकेत आलेल्या गावांच्या विकास आराखड्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं आरक्षण टाकायचं की थोडं बांधकाम होऊ द्यायचं, यावर हे शहर वर्षानुवर्षं भांडलं. नागरिक रस्त्यावर आले, पक्षांना भूमिका घ्यावी लागली, सभागृहात शब्दाला शब्द भिडला. वेळ गेला, खूप गेला. पण कोण कुठे उभं आहे हे प्रत्येकाला दिसलं आणि आरक्षण झालं. आज टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांनी त्या वादावादीचे आभार मानायला हवेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. विषयपत्रिका आणि तिच्यासोबतचे पूर्ण प्रस्ताव, नुसती शीर्षकं नव्हेत, सभेच्या किमान आठवडाभर आधी मराठीत सगळ्यांना वाचायला मिळू देत. पैशाचा आणि जमिनीचा कुठलाही विषय ऐनवेळी घेऊ नका. पूर, आग, साथ असेल तर गोष्ट वेगळी. मतदान नावानिशी नोंदवा. श्रद्धांजली मनापासून वाहा, दोन मिनिटं उभे राहा, आणि मग कामकाज सुरू करा. गेलेल्या माणसाचा मान त्यानं कमी होत नाही. यातल्या बऱ्याचशा गोष्टींना एक पैसा लागत नाही. बहुमत कुणाचंही असो, सत्ताधाऱ्यांनाही यात तोटा नाही. तोटा आहे तो फक्त चर्चा टाळणाऱ्यांचा.

आपल्या प्रभागातल्या नगरसेवकांना पुढच्या मुख्य सभेआधी एकच प्रश्न विचारा: या वेळच्या कोणत्या विषयावर तुम्ही बोलणार आहात आणि काय बोलणार आहात? गटारीचं झाकण, दिव्याचा खांब हे तर विचाराच, पण हेही विचारा. मी माझ्या प्रभागातल्या चौघांना लेखी पत्र देतोय. ज्यांना मसुदा हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा, पाठवतो.