कॉफी शॉपचं छत आणि साठ वर्षांची अट

दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स एप्रिल २०१७ मध्ये पाडलं गेलं. १९७२ सालचं बांधकाम. रचना राज रेवल यांची, अभियांत्रिकी महेंद्र राज यांची. ते वाचवावं म्हणून वास्तुविशारद धडपडत होते, तेव्हा वारसा समितीने साठ वर्षांची अट पुढे केली. इमारत साठीची नाही, म्हणजे वारसा नाही. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरच्या प्रत्येक चांगल्या वास्तूचा प्रश्न याच दगडाला ठेचकाळतो. केंद्राच्या १९५८ च्या कायद्याला तर स्मारकासाठी शंभर वर्षं लागतात.

लॉस एंजेलिसमधून हा वाद पाहताना त्याची तुलना इथल्या रस्त्याकडेच्या खाणावळींशी होते. कॉफी शॉप, हॅम्बर्गरचं दुकान, पेट्रोल पंप: वारशाच्या भाषेत यापेक्षा क्षुल्लक काही नसेल. जॉन लॉटनर यांनी १९४९ मध्ये सनसेट बुलेवारवर 'गूगीज' नावाचं कॉफी शॉप बांधलं. त्यावरून समीक्षक डग्लस हॅस्केल यांनी १९५२ मध्ये रस्त्याकडेच्या अशा दुकानांच्या सगळ्या शैलीला 'गूगी' म्हटलं, तेही हेटाळणीच्या सुरात. मूळ गूगीज १९८९ मध्ये पाडलं. त्याआधी शिप्स या कॉफी शॉपचं वेस्टवूडमधलं दुकान १९८४ मध्ये गेलं. तिथे प्रत्येक टेबलावर टोस्टर असायचा. गमावलेल्या वास्तूंची ही यादी लांब आहे आणि इथल्या लोकांना जाग आली ती त्यातूनच. लॉस एंजेलिस कॉन्झर्व्हन्सी या वारसा जपणाऱ्या संस्थेची आधुनिक वास्तूंसाठीची समिती १९८४ चीच.

या इमारतींचा आकार हौसेचा नाही, हिशेबाचा आहे. ताशी ५६ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेपंधरा मीटर कापते. दीडशे मीटरवरून पाटी दिसली, तर ती वाचून, ठरवून, वळायला चालकाकडे दहाच सेकंद असतात. म्हणून पाटी रस्त्याला काटकोनात, छताहून उंच. म्हणून छत रस्त्याकडे उसळलेलं, आणि त्याखाली भिंतीऐवजी काच, म्हणजे आतली गर्दी हीच जाहिरात. आर्मेट अँड डेव्हिस या वास्तुविशारदांचं नॉर्म्स हे कॉफी शॉप (१९५७) पाहा: एकाखाली एक निशाणं, प्रत्येकात एक अक्षर. त्याच कचेरीतल्या हेलन फाँग यांनी पॅन्स या दुसऱ्या कॉफी शॉपचं (१९५८) अंतरंग घडवलं. स्वयंपाकघर उघडं, समोर काउंटर, आणि अशा दुकानांतल्या अनेक बैठका काउंटरच्या बाजूने तरंगत्या, खाली पाय नाहीत. फरशी पुसताना पोछा कुठेही अडत नाही.

बिघडतं कुठे, हेही स्पष्ट आहे. पहिलं छत. मधे खोलगट असलेल्या छताचं सगळं पाणी एक-दोन जाळ्यांकडे येतं. पानांनी जाळी तुंबली की तळं साचतं आणि गळती सुरू होते. मग जुन्या डांबरी थरावर नवा थर चढवतात. वजन वाढतं आणि छताची पातळ कड जाडजूड होते. ती कड हीच तर त्या वास्तूची रेघ. मुंबईत गच्चीवर विटांच्या तुकड्यांच्या (ब्रिकबॅट) कोब्यावर पुन्हा कोबा घालतात तोच हा प्रकार. उपाय एकच: जुने थर खरवडून काढायचे, आणि उष्णतारोधक घालायचाच तर कडेपासून आत घेऊन उतरता घालायचा.

दुसरं निऑन. काचेच्या नळीत निऑन वायू भरला की तांबडा-नारिंगी उजेड. निळ्यासाठी आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब. ट्रान्सफॉर्मर पंधरा हजार व्होल्टपर्यंतचे. नळी क्वचितच दोषी असते. पाणी शिरतं ते टोकाच्या इलेक्ट्रोडपाशी, गंजलेल्या पत्र्याच्या डब्यात. नवे ट्रान्सफॉर्मर विजेची थोडी गळती होताच बंद पडतात. मग मालक वैतागून नळ्या काढतो आणि एलईडीच्या पट्ट्या बसवतो. खरं काम असतं डबा कोरडा करणं, उच्चदाबाची वायर बदलणं, टोकांना नव्या टोप्या बसवणं. टेराझोचंही तसंच. ती आपल्या मोझॅक फरशीचीच बहीण, आणि दोघींचा घात ॲसिडने धुतल्यामुळे होतो, कारण ॲसिड संगमरवराची खडी खातं.

तिसरं भूकंप. समोर काच, मागे स्वयंपाकघराच्या भक्कम भिंती: हादऱ्यात अशी इमारत पिळवटते. लॉस एंजेलिसजवळच्या डाउनीतलं १९५३ चं मॅकडॉनल्ड्स, आज उभ्या असलेल्यांत सर्वात जुनं, १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपानंतर बंद पडलं आणि दुरुस्त होऊन १९९६ मध्ये उघडलं. तेव्हा त्याचं वय साठ नव्हतं.

इथला कायदा काही जादू करत नाही. ऐतिहासिक वास्तूंच्या अमेरिकी राष्ट्रीय नोंदणीलाही साधारण पन्नास वर्षं लागतात, पण असामान्य महत्त्वाला अपवाद आहे. लॉस एंजेलिस शहराच्या स्मारक यादीत वयाची अटच नाही. त्या यादीतली इमारत पाडायला शहर १८० दिवस, आणि वाढवून आणखी १८० दिवस रोखू शकतं, कायमचं नाही. तेवढ्या काळात गिऱ्हाईक शोधायचं, पर्याय मांडायचे. नॉर्म्सवर पाडकामाची टांगती तलवार होती, ते २०१५ मध्ये यादीत आलं. शिवाय १९७२ च्या मिल्स कायद्याखाली मालकाशी किमान दहा वर्षांचा करार होतो: मालमत्ता कर कमी, बदल्यात ठरलेली डागडुजी. मुंबईत वारसा इमारतीचा मालक न वापरलेलं चटईक्षेत्र विकू शकतो, पण विकून झाल्यावर गळक्या गच्चीसाठी दरवर्षी त्याच्या हातात काय राहतं? माझ्या मते दरवर्षीची सवलत जास्त उपयोगाची, कारण ती कामाला बांधलेली असते.

कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक इमारतींच्या वेगळ्या संहितेचा फायदा तर रोजचा आहे. साध्या नियमाने दुहेरी काच लावायची तर चौकट जाड करावी लागते आणि दर्शनी भाग मेला. या संहितेत लॅमिनेटेड (थर चिकटवून केलेल्या) काचेसारखा दुसरा मार्ग मागता येतो. आपल्याकडे नेमकं हेच हवं: १९५० ते १९८० मधल्या काँक्रीटसाठी, काचेसाठी, लांब छज्ज्यांसाठी दुरुस्तीचे लेखी नियम. पणजीत चार्ल्स कोरिया यांच्या कला अकादमीचं नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या नाट्यगृहाचं छत कोसळलं. तिथे वास्तूच्या थोरवीबद्दल वाद नव्हता. वाद होता काम कसं करायचं याचा.

आणि नुसती यादीही पुरत नाही. लॉस एंजेलिसमधल्या विल्शायर आणि फेअरफॅक्स रस्त्यांच्या कोपऱ्यावरचं जॉनीज हे कॉफी शॉप २०१३ पासून स्मारक आहे, पण तिथली भट्टी २००० साली विझली. नॉर्म्सच्या भट्टीवर मात्र यादीत आल्यावरही न्याहारी शिजत राहिली, आणि जिथे भट्टी पेटलेली असते तिथलं छत गळलं तर त्याच आठवड्यात कोणीतरी वर चढतं.