लघवी होतेय म्हणजे किडनी शाबूत?

परवा हॉस्पिटलच्या बाकावर मामीने मोबाइल माझ्यापुढे धरला. "लघवी तर बरी होता हा यांका, मगे मशीनवर कित्याक लावतत?" मामाला लावणी आटोपल्यावर ताप भरला, डोळे आधी लाल मग पिवळे, पोटऱ्यांना हात लावू देईना. डॉक्टरांनी लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा चिखल-पाण्यातून होणारा जंतूंचा ताप, धरून औषधं चालू केली आणि डायलिसिस लागू शकतं असं सांगून ठेवलं. नेमका तेव्हाच कुठल्याशा ग्रुपवरून हा मेसेज आला:

"पावसाळी ताप आला की डॉक्टर फॉर्म भरून आधीच ठरवतात कोणाला डायलिसिसवर घालायचं. शेतीचं विचारतात ते ऐपत काढायला. लघवी होत असेल तर किडनी शाबूत. तपासणी निगेटिव्ह म्हणजे लेप्टो नाहीच. एकदा मशीनला लागला की कायमचा. घरी न्या, काढा पाजा."

लघवीचंच आधी घेतो, कारण याच वाक्यापायी कोणीतरी जिवाला मुकेल. लेप्टोचा जंतू किडनीतल्या बारीक नळ्यांना इजा करतो. त्या नळ्यांनी परत शोषून घ्यायचं मीठ-पाणी तसंच बाहेर पडतं आणि सोबत पोटॅशियमही जातं. म्हणून या रोगात सुरुवातीला लघवी भरपूर होते आणि त्याच वेळी रक्तात क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा) चढत असतं. किडनी बिघडली की पोटॅशियम वाढतं असा सर्वसाधारण अनुभव, पण इथे ते बऱ्याचदा कमीच सापडतं. भांडं किती भरलं यावरून काही कळत नाही, रक्तच तपासावं लागतं. लघवी घटली की दुखणं गंभीर, हे मात्र खरं. पण म्हणून ती होतेय तोवर सगळं आलबेल, हे कुठून काढलं?

आता "आधीच ठरवतात". हो, ठरवतात, आणि ठरवायलाच हवं! ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या डॉक्टरांनी 2007 साली अमेरिकन किडनीतज्ज्ञांच्या नियतकालिकात 33 अत्यवस्थ लेप्टो रुग्णांचा अभ्यास छापला. 15 जणांना डायलिसिस उशिरा आणि एक दिवसाआड मिळालं, त्यातले 10 गेले. 18 जणांना लगेच आणि रोज मिळालं, त्यातले 3 गेले. अभ्यास लहान आहे, कबूल. पण ज्याला लागणार तो आधी ओळखला नाही, तर "लगेच" देणार कसं? बिलं फुगवणारी हॉस्पिटलं नसतात असं मी म्हणणार नाही. आपण सगळेच कधी ना कधी त्यातून गेलोय. शंका असेल तर क्रिएटिनिनचे रोजचे आकडे मागा, दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पेशंट उचलून घरी नेणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

कायमचं मशीन? लेप्टोतून वाचलेल्यांची किडनी बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागते, डायलिसिस तेवढ्या दिवसांपुरतं. तपासणीचं म्हणाल तर रक्तातली प्रतिपिंडं (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती) दिसायला साधारण आठवडा जातो. तिसऱ्या दिवशीच्या निगेटिव्हवर कसला विश्वास ठेवता? आणि काढा. घशाला बरं वाटत असेल तर ताप नसताना घ्या. किडनी बिघडलेल्या माणसाला कसला पाला उकळून पाजताय ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

राहिली ऐपत. शेतीचं विचारतात कारण हा जंतू उंदरांच्या, गुरांच्या, कुत्र्यांच्या मुतातून चिखलात येतो आणि पायाच्या चिरांतून अंगात शिरतो. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर माणूस चिखलणी विसरलेला असतो. मामाचा केसपेपर पाहिला तर व्यवसायापुढे "निवृत्त, एसटी". शेताचा उल्लेखच नाही. मेसेज वाचून मामीनेच तसं सांगितलं होतं. दहा दिवस गुडघाभर चिखलात होता तो, अनवाणी.

सिस्टरकडून पेन घेतलं आणि ते त्यांच्यासमोर लिहून घेतलं.